लोकलवर चालतं, सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’: पीएचपीतले इन्क्लूड आणि त्यांचे पाथ

आपल्या मशीनवर साइट व्यवस्थित चालते. सर्व्हरवर चढवली की पहिल्याच पानावर दोन ओळी येतात. एकीत ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, तिच्याखाली ‘फेल्ड ओपनिंग अमुक फॉर इन्क्लूजन’. फाइल तर जागेवर आहे, एफटीपीत डोळ्यांना दिसते आहे. मग पाथच्या आधी एक ‘../’ लावून बघितलं जातं आणि पान उघडतं. चार दिवसांनी दुसऱ्या फोल्डरमधलं पान बंद पडल्याचं कळतं. ते ‘../’ काढलं की पहिलं पान पुन्हा जातं.

टिंबं कमी-जास्त करून हा प्रश्न कधीच सुटत नाही. इन्क्लूडमधला, म्हणजे एका पीएचपी फाइलीत दुसरी फाइल ओढून घेणाऱ्या ओळीतला, पाथ नेमका कुठून मोजला जातो, हे माहीत नसताना आपण टिंबं मोजत बसतो. ते एकदा नीट कळलं तर हा प्रश्न त्या प्रोजेक्टपुरता कायमचा मिटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. फंक्शनांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायची.

आधी एरर पूर्ण वाचा

पान नुसतंच कोरं येत असेल तर सर्व्हरवर एरर दाखवणं बंद आहे. ते चालू करण्याऐवजी एरर लॉग उघडा. चालत्या साइटवर एरर दाखवल्या की फोल्डरची पूर्ण रचना येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते.

पहिल्या ओळीचा शेवट सगळ्यात महत्त्वाचा. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असेल तर पाथ चुकला आहे आणि हा सगळा लेख त्याच्याबद्दल आहे. ‘परमिशन डिनाइड’ असेल तर पाथ बरोबर आहे, त्याला हात लावू नका. फाइलीला वाचण्याची परवानगी आणि वरच्या प्रत्येक फोल्डरला एक्झिक्यूटची परवानगी वेब सर्व्हरच्या युजरला आहे का, ते तपासा. मधल्या एका फोल्डरला ती नसली तरी आतली फाइल वाचता येत नाही. ‘ओपन बेसडिर रिस्ट्रिक्शन इन इफेक्ट’ असेल तर होस्टिंगने ठरवून दिलेल्या फोल्डरांच्या बाहेर तुम्ही हात घालताय. तिथे फाइल आत आणणं किंवा सेटिंग बदलून घेणं एवढाच उपाय आहे.

दुसऱ्या ओळीत कंसात इन्क्लूड_पाथ, म्हणजे पीएचपी ज्या फोल्डरांत फाइली शोधतं त्यांची यादी, छापलेला असतो, लिनक्सवर बहुतेक वेळा ‘.’ आणि त्यापुढे कोलन देऊन एखादा सिस्टिमचा फोल्डर. त्यातलं ते एकटं टिंब लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता जी ओळ फुटते आहे तिच्या अगदी वर तीन गोष्टी छापून घ्या: गेटसीडब्ल्यूडी() (चालू कामाचा फोल्डर) काय देतं, __डिर__ (ही ओळ असलेल्या फाइलीचा फोल्डर) मध्ये काय आहे, आणि इन्क्लूडला दिलेला पाथ व्हार_डम्पने. इको नको, व्हार_डम्पच. ते स्ट्रिंगची लांबी सांगतं. सेटिंगच्या फाइलीतून ओळीगणिक फोडून पाथ घेतला असेल आणि ती फाइल विंडोजवर बनलेली असेल, तर शेवटी न दिसणारा एक कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याचं चिन्ह) चिकटलेला असतो. डोळ्यांना पाथ तंतोतंत बरोबर दिसतो, लांबी मात्र एकाने जास्त. तिथे ट्रिम लावलं की काम झालं.

गेटसीडब्ल्यूडी() आणि __डिर__ वेगवेगळे आले, तर दुखणं बहुधा इथेच आहे.

टिंब म्हणजे नेमका कोणता फोल्डर?

जवळपास सगळ्यांचा समज असतो की ‘./मेनू.पीएचपी’ म्हणजे ‘ज्या फाइलीत मी हे लिहितोय तिच्या शेजारची मेनू.पीएचपी’. एचटीएमएलमधल्या लिंका आणि सीएसएसमधले यूआरएल त्यांच्या त्यांच्या जागेपासून मोजले जातात, त्यामुळे हा समज पक्का होतो. पीएचपीत तसं नाही. ‘./’ किंवा ‘../’ ने सुरू होणारा पाथ चालू कामाच्या फोल्डरपासून, म्हणजे करंट वर्किंग डिरेक्टरीपासून मोजला जातो. ब्राउझरमधून पान मागवलं की हा फोल्डर म्हणजे मागवलेल्या मुख्य स्क्रिप्टचा फोल्डर. त्या स्क्रिप्टने दहा फाइली इन्क्लूड केल्या आणि त्यांनी आणखी वीस केल्या, तरी कामाचा फोल्डर तोच राहतो.

एक साधी रचना धरू. मुळाशी इंडेक्स.पीएचपी. ‘इन्क’ फोल्डरमध्ये हेडर.पीएचपी आणि मेनू.पीएचपी. ‘ॲडमिन’ फोल्डरमध्ये युजर्स.पीएचपी. इंडेक्स हेडरला घेतं आणि हेडर मेनूला.

हेडरमध्ये ‘./मेनू.पीएचपी’ लिहिलं तर इंडेक्स उघडताना पीएचपी मुळाशी मेनू शोधतं. तिथे ती नाही, म्हणून एरर. मग हेडरमध्ये ‘./इन्क/मेनू.पीएचपी’ असं केलं जातं आणि इंडेक्स चालतं. आता युजर्स.पीएचपी उघडा. ते ‘../इन्क/हेडर.पीएचपी’ बरोबर घेतं, पण कामाचा फोल्डर आता ‘ॲडमिन’ आहे, त्यामुळे हेडर ‘ॲडमिन/इन्क/मेनू.पीएचपी’ मागतं. पुन्हा एरर. ‘../इन्क/मेनू.पीएचपी’ केलं की इंडेक्स पडतं. दोन्ही पानांना चालेल असा टिंबांचा आकडाच नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे नुसतं नाव. हेडरमध्ये आधी टिंब न देता फक्त ‘मेनू.पीएचपी’ लिहिलं, तर ते दोन्हीकडून चालतं! नुसतं नाव असेल तर पीएचपी आधी इन्क्लूड_पाथमधल्या फोल्डरांत शोधतं. तिथे नाही मिळालं तर इन्क्लूड करणाऱ्या फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणि कामाच्या फोल्डरमध्ये बघतं. म्हणून शेजारची मेनू सापडते. पाथ टिंबाने सुरू झाला की मात्र इन्क्लूड_पाथ आणि हा शेजारचा शोध दोन्ही बंद. ‘टिंब काढलं आणि चाललं’ असं जे ऐकू येतं ते यामुळे.

चाललं तरी ते धोक्याचं आहे. इन्क्लूड_पाथमधलं ते एकटं टिंब म्हणजे कामाचा फोल्डर, आणि तो बहुतेक वेळा यादीत पहिला असतो. समजा ‘इन्क’मधल्या डीबी.पीएचपीत नुसतं ‘कॉन्फिग.पीएचपी’ लिहिलं आहे. इंडेक्सवरून आलात तर ‘इन्क/कॉन्फिग.पीएचपी’ मिळते. उद्या कोणी ‘ॲडमिन’मध्ये तिथल्यापुरती वेगळी कॉन्फिग.पीएचपी ठेवली, की ॲडमिनच्या पानांवरून आलेली डीबी.पीएचपी ती उचलते. एरर येत नाही. चुकीच्या सेटिंगने काम सुरू राहतं, आणि असा दोष शोधायला दिवस जातात. अशी शंका आली तर पानाच्या शेवटी गेट_इन्क्लूडेड_फाइल्स() छापा. कोणती फाइल खरोखर कुठून आली याची पूर्ण पाथांसह यादी मिळते.

क्रॉनवर वेगळं, ब्राउझरवर वेगळं

‘ब्राउझरमधून चालतं, टर्मिनलमधूनही चालतं, फक्त क्रॉनमधून नाही.’ ही तक्रार वरच्याच नियमाचं दुसरं रूप आहे. (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय.) कमांड लाइनवरचं पीएचपी मुख्य स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये स्वतःहून जात नाही. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे राहून कमांड दिली, तोच कामाचा फोल्डर. टर्मिनलवर तुम्ही आधी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गेलेले असता, म्हणून चालतं. क्रॉन सहसा युजरच्या होम फोल्डरमधून सुरू करतो, म्हणून पडतं.

क्रॉनच्या ओळीत आधी ‘सीडी’ करून मग पीएचपी चालवणं हा सर्रास सांगितला जाणारा उपाय. तो चालतो, पण मला पटत नाही. स्क्रिप्टचं बरोबर चालणं तिच्या बाहेरच्या एका ओळीवर सोडलं जातं, आणि सर्व्हर बदलताना ती ओळ विसरली जाते.

इन्क्लूड पडलं तर निदान एरर तरी येते. लिहिण्यासाठी उघडलेल्या फाइलींचं तसं नाही. फोपेन, फाइल_पुट_कंटेंट्स, एसक्यूलाइटचा (एकाच फाइलीत राहणारा) डेटाबेस, लॉगची फाइल, या सगळ्यांचे सापेक्ष पाथ कामाच्या फोल्डरपासूनच मोजले जातात. मी सांभाळत असलेल्या एका कामात रात्री चालणारा अहवाल सगळे आकडे शून्य दाखवू लागला होता. दिवसा हाताने चालवला की आकडे बरोबर. कोडमध्ये डेटाबेसचा पाथ ‘./डेटा.डीबी’ असा होता. एसक्यूलाइटला फाइल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, त्याच नावाची नवी, रिकामी फाइल बनवतं. त्यात सुरुवातीला टेबल नसेल तर बनवणारा कोडही होता, त्यामुळे क्वेरीसुद्धा विनातक्रार चालत होती. होम फोल्डरमध्ये रिकामी डेटा.डीबी सापडली तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून फक्त इन्क्लूड सुधारून मी थांबत नाही. ज्या ज्या फंक्शनला फाइलीचं नाव जातं, ते प्रत्येक ठिकाण बघतो.

फाइल_एक्झिस्ट्सही याच गटातलं. ते इन्क्लूड_पाथ बघत नाही. म्हणून ‘फाइल आहे का’ विचारल्यावर ‘नाही’ उत्तर यावं आणि तेच नाव इन्क्लूडला दिल्यावर चालावं, असं होऊ शकतं. इन्क्लूडला कोणती फाइल सापडेल हे विचारायचं असेल तर स्ट्रीम_रिझॉल्व्ह_इन्क्लूड_पाथ() वापरा.

उपाय: पाथ फाइलीला बांधा

__डिर__ म्हणजे ज्या फाइलीत तो शब्द लिहिलेला आहे, त्या फाइलीचा फोल्डर, पूर्ण पाथसह. ती फाइल कोणी इन्क्लूड केली, ब्राउझरने मागवली की क्रॉनने चालवली, याने फरक पडत नाही. हेडरमध्ये असं लिहा (रिक्वायर हे इन्क्लूडसारखंच, फरक पुढे येतो):

रिक्वायर __डिर__ . '/मेनू.पीएचपी';

युजर्स.पीएचपीत असं:

रिक्वायर __डिर__ . '/../इन्क/हेडर.पीएचपी';

इथे ‘../’ आहे, पण ते चालतं. टिंबांचं वावडं नाही, ती कुठून मोजायची हे ठरलेलं नसणं ही अडचण होती. आता सुरुवातीचं टोक पक्कं आहे.

हे लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मधला स्लॅश विसरणं. __डिर__ च्या शेवटी स्लॅश नसतो, अपवाद फक्त अगदी मुळाच्या फोल्डरचा. __डिर__ ला थेट 'इन्क/डीबी.पीएचपी' जोडलं तर ‘साइटइन्क/डीबी.पीएचपी’ असा जोडशब्द तयार होतो. एररमध्ये दोन नावं चिकटलेली दिसली की हेच समजा.

__डिर__ पीएचपी ५.३ मध्ये, २००९ साली आलं. त्याआधीच्या कोडमध्ये डिरनेम(__फाइल__) दिसेल, अर्थ तोच. दोन-तीन पायऱ्या वर जायचं असेल तर पीएचपी ७ पासून डिरनेमला दुसरा आकडा देता येतो: डिरनेम(__डिर__, २) म्हणजे दोन फोल्डर वर.

प्रोजेक्ट मोठा असेल तर प्रत्येक फाइलीत पायऱ्या मोजत बसू नका. मुळाशी बूटस्ट्रॅप.पीएचपी ठेवा आणि तिच्यात एकच कॉन्स्टंट ठरवा, ॲप_रूट, किंमत __डिर__. ब्राउझर किंवा क्रॉन ज्या फाइलींना थेट हाक मारतात, त्या प्रत्येकीची पहिली ओळ बूटस्ट्रॅप घेणारी असावी, __डिर__ वापरूनच. बाकी सगळीकडे ॲप_रूट . '/इन्क/...'. कॉन्स्टंट वापरणारी फाइल एकटी चालवता येत नाही, एवढी त्याची किंमत आहे. म्हणून एकाच फोल्डरमधल्या शेजारच्या फाइलीसाठी मी कॉन्स्टंट असतानाही __डिर__ च लिहितो.

हा रूट ठरवताना काही जण रिअलपाथ('../') (पाथ उलगडून पूर्ण पाथ देणारं फंक्शन) वापरतात. दोन कारणांनी ते टाळा. एक, तो पाथ पुन्हा कामाच्या फोल्डरपासूनच मोजला जातो. दुसरं जास्त गंभीर: पाथ अस्तित्वात नसेल तर रिअलपाथ ‘फॉल्स’ देतं, आणि फॉल्सला स्ट्रिंग जोडली की तो रिकामा होतो. उरतं ‘/इन्क/डीबी.पीएचपी’, म्हणजे थेट मशीनच्या मुळाशी शोध. एररमधला पाथ अचानक स्लॅशने सुरू होताना दिसला तर रिअलपाथचं उत्तर तपासा.

सर्व्हरने दिलेला डॉक्युमेंट_रूट (ब्राउझरला उघडा असलेला साइटचा मूळ फोल्डर) हाही लोकप्रिय मार्ग आहे. मी तो सुचवत नाही. कमांड लाइनवर तो रिकामा असतो, त्यामुळे क्रॉन पुन्हा पडतो. साइट सबफोल्डरमध्ये हलवली की चुकतो. आणि खरं तर इन्क्लूडच्या फाइली डॉक्युमेंट रूटच्या आत नसाव्यातच. ‘पब्लिक’ फोल्डर तेवढा ब्राउझरसाठी उघडा ठेवून बाकी सगळं त्याच्या वर ठेवणं उत्तम. आत ठेवाव्या लागल्याच तर त्यांना .इन्क असं एक्स्टेन्शन देऊ नका, .पीएचपीच द्या. सर्व्हरवर वेगळी सोय केलेली नसेल तर .इन्क फाइल ब्राउझरला जशीच्या तशी मजकूर म्हणून दिली जाते, आतल्या पासवर्डसकट.

इन्क्लूड की रिक्वायर? फाइलीशिवाय पान चालूच शकत नसेल तर रिक्वायर, कारण तिथे काम लगेच थांबतं. इन्क्लूड फक्त वॉर्निंग देऊन पुढे जातं आणि मग वीस ओळींनंतर ‘अमुक फंक्शन नाही’ अशी दिशाभूल करणारी एरर येते. आणि कोणी इन्क्लूडच्या आधी ॲट-चिन्ह लावून वॉर्निंग दाबली असेल तर ते आधी काढा. ते तिथे असेपर्यंत काहीच दिसणार नाही.

विंडोजचे स्लॅश

विंडोजवर फोल्डर वेगळे करायला बॅकस्लॅश, लिनक्स आणि मॅकवर साधा स्लॅश. या फरकाचं मूळ डॉसमध्ये आहे. पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच आणि स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरला जात होता. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह अडकलेलं होतं, म्हणून बॅकस्लॅश घेतला गेला.

आपल्यासाठी कामाचं एवढंच की विंडोजवरचं पीएचपी साधा स्लॅशही मानतं. सगळीकडे साधा स्लॅश लिहा, दोन्हीकडे चालेल. बॅकस्लॅश लिहिलेला कोड लिनक्सवर चालत नाही, कारण तिथे बॅकस्लॅश हे फाइलीच्या नावातलं एक साधं अक्षर आहे. शिवाय दुहेरी अवतरणात बॅकस्लॅशनंतर इंग्रजी ‘एन’ आलं की नवी ओळ होते आणि ‘टी’ आलं की टॅब. त्यामुळे टेम्प किंवा न्यू अशा नावाच्या फोल्डरचा पाथ विंडोजवरसुद्धा मोडतो, आणि इतर बऱ्याच नावांचा मात्र चालतो.

डिरेक्टरी_सेपरेटर हा कॉन्स्टंट प्रत्येक पाथमध्ये घालून कोड वाचायला अवघड करून ठेवण्याची गरज नाही. तो लागतो तो सिस्टिमने दिलेला पाथ तोडताना किंवा दोन पाथ ताडून बघताना, कारण विंडोजवर __डिर__ आणि रिअलपाथ बॅकस्लॅशचा पाथ देतात. ताडण्याआधी दोन्हींतले बॅकस्लॅश बदलून साधे स्लॅश केले तरी भागतं. पाथ_सेपरेटर मात्र खरोखर वापरा, इन्क्लूड_पाथमध्ये फोल्डर जोडायचेच असतील तेव्हा. लिनक्सवर तिथे कोलन लागतो आणि विंडोजवर अर्धविराम, कारण विंडोजच्या ‘सी:’ मध्येच कोलन आहे.

लहान-मोठी अक्षरं

पाथ बरोबर, स्लॅश बरोबर, __डिर__ वापरलेलं, तरी फक्त सर्व्हरवर फाइल सापडत नाही? नावातली कॅपिटल अक्षरं बघा. विंडोज आणि मॅक, दोन्हीकडे नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानला जात नाही. लिनक्सवर मानला जातो. युजर.पीएचपीचं पहिलं अक्षर कोडमध्ये मोठं आणि डिस्कवर लहान असेल तर लिनक्ससाठी ती दोन वेगळी नावं आहेत. कंपोजर या पॅकेज मॅनेजरच्या ऑटोलोडने (नावावरून फाइल आपोआप शोधून) क्लास घेत असाल तर ‘क्लास नॉट फाउंड’ अशी एरर येते आणि फाइलीचा उल्लेखही नसतो. पीएसआर-४ या ऑटोलोडच्या संकेताप्रमाणे नेमस्पेस, फोल्डर आणि क्लासचं नाव ही सगळी अक्षराला अक्षर जुळावी लागतात.

नाव सुधारूनही सर्व्हरवर फरक पडत नसेल तर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बघा. विंडोज आणि मॅकवर गिटची ‘इग्नोरकेस’ सेटिंग चालू असते, त्यामुळे फक्त अक्षराचा आकार बदलल्याचं त्याच्या लक्षात येत नाही. ‘गिट एमव्ही’ने आधी तात्पुरतं वेगळं नाव द्या, मग हवं ते. किंवा मुळापासून एकच नियम करा: क्लासच्या फाइली सोडून सगळी नावं लहान अक्षरांत. मी गेली अनेक वर्षं हेच पाळतो.

फाइलींना मराठी नावं देणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी फाइल सिस्टिम नावं फोडलेल्या रूपात साठवायची, लिनक्स जे बाइट मिळतील तेच ठेवतं. त्यामुळे मॅकवरून आणलेली फाइल त्याच नावाने लिनक्सवर सापडत नाही, असं होऊ शकतं. लोकांनी अपलोड केलेल्या फाइलींना डिस्कवर स्वतः तयार केलेलं साधं नाव द्यावं आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवावं.

फाइलीचा पाथ आणि यूआरएल

इन्क्लूड ठीक झाले, पण ॲडमिनच्या पानावर सीएसएस आणि चित्रं गायब, ही यापुढची पायरी. इथे दोन वेगळी जगं एकत्र केली जातात. रिक्वायरमध्ये सुरुवातीचा ‘/’ म्हणजे डिस्कचं मूळ. एचटीएमएलमध्ये सुरुवातीचा ‘/’ म्हणजे साइटचं मूळ. पहिलं पीएचपी वाचतं, दुसरं ब्राउझर. हेडर.पीएचपी कुठल्या फोल्डरमध्ये आहे याची ब्राउझरला कल्पनाच नसते. तो ‘सीएसएस/स्टाइल.सीएसएस’ हा पत्ता उघड्या पानाच्या यूआरएलपासून मोजतो.

म्हणून यूआरएलसाठी वेगळा कॉन्स्टंट ठेवा, बेस_यूआरएल, आणि प्रत्येक लिंकच्या आधी तो लावा. तो सेटिंगच्या फाइलीत हाताने लिहा. ब्राउझरने पाठवलेल्या होस्ट हेडरवरून बनवू नका, तो कोणीही हवा तसा पाठवू शकतो. ॲप_रूट कधी एचटीएमएलमध्ये जाता कामा नये आणि बेस_यूआरएल कधी रिक्वायरमध्ये. रिक्वायरला एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता देणारा कोडही अजून भेटतो. ते नेहमीच्या सेटिंगमध्ये बंद असतं आणि बंदच राहू द्या. चालू केलं तरी समोरून कोड येत नाही, तो चालवून झालेलं आउटपुट येतं, त्यामुळे त्यातली फंक्शनं मिळतच नाहीत.

सिमलिंकवर डिप्लॉय करत असाल तर

‘करंट’ नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव, नव्या रिलीजच्या फोल्डरकडे वळवायची, अशी पद्धत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: __डिर__ सिमलिंक उलगडून खरा फोल्डर देतं. __डिर__ पासून ‘../शेअर्ड’ मोजलं तर ते खऱ्या रिलीज फोल्डरपासून मोजलं जाईल, सिमलिंक जिथे दिसते तिथून नाही. सामायिक फोल्डरचा पूर्ण पाथ सेटिंगमधून द्यावा, हे बरं.

डिप्लॉयनंतर काही वेळ जुनाच कोड चालताना दिसतो त्याचं कारण पीएचपीचा रिअलपाथ कॅश. त्याची नेहमीची मुदत १२० सेकंद असते, आणि वर ऑपकॅश, म्हणजे पीएचपीने तयार कोडचा करून ठेवलेला साठा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर पीएचपीला डॉक्युमेंट_रूटऐवजी रिअलपाथ_रूट द्या, किंवा डिप्लॉयच्या शेवटी पीएचपी-एफपीएम रीलोड करा.

यूआरएलमधून फाइलीचं नाव घेऊ नका

पाथ दुरुस्त करताना जुन्या कोडमध्ये हमखास एक ओळ सापडते: यूआरएलमधून ‘पेज’ची किंमत घ्यायची, तिला ‘.पीएचपी’ जोडायचं आणि इन्क्लूड करायचं. ती पाहिली की बाकीचं काम बाजूला ठेवून आधी ती बदला. ‘../’ लिहून कोणीही सर्व्हरवरची दुसरी फाइल चालवू शकतो. टिंबं गाळून हे सुरक्षित होत नाही. चालणाऱ्या पानांची ॲरे करा, आलेली किंमत तिच्यात किल्ली म्हणून शोधा, सापडली तर ॲरेमधला पाथ घ्या, नाही तर ४०४. बाहेरून आलेला एकही शब्द पाथमध्ये जाता कामा नये.

जुना प्रोजेक्ट बदलताना

सगळं एका दमात बदलू नका. सगळ्या फाइलींत इन्क्लूड आणि रिक्वायर शोधून यादी करा, मग फोपेन, फाइल_गेट_कंटेंट्स, फाइल_पुट_कंटेंट्स आणि डेटाबेसच्या जोडणीची. आधी सगळ्यात आतल्या, म्हणजे दुसऱ्या कोणालाही न घेणाऱ्या फाइलींपासून सुरू करून बाहेर या, म्हणजे मधल्या टप्प्यावरही साइट चालू राहते. कोडमध्ये कुठे सीएचडिर (कामाचा फोल्डर बदलणं) केलेलं असेल तर ते शेवटी काढा, तोवर जुने पाथ त्याच्यावर टेकलेले असतात. स्क्रिप्ट संपताना चालणाऱ्या शटडाउन फंक्शनमधून लॉग लिहीत असाल तर तेही यादीत घ्या, कारण अपाचेसारख्या काही सर्व्हरवर तिथे पोचेपर्यंत कामाचा फोल्डर बदललेला असू शकतो.

बदल झाल्यावर दोन चाचण्या करा. टर्मिनलवर ‘सीडी /’ करून मशीनच्या मुळाशी जा आणि तिथून क्रॉनची प्रत्येक स्क्रिप्ट पूर्ण पाथ देऊन चालवा. मग प्रोजेक्टच्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी करा, मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि त्या प्रतीवरून साइटची सगळी पानं उघडून बघा. जिथे एरर येईल तिथे एखादा पाथ अजून बाहेरच्या कशावर तरी अवलंबून आहे, आणि एररची पहिली ओळ तो कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर आहे ते सांगेल.